सरपंचाच्या छातीतली कळ

आमच्या सरपंचाला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायची हिंमत होत नाही. हे वाक्य मी एकदा पत्रकात छापलं, तर गावातली शहाणी माणसं म्हणाली, पोरी, फार लागट लिहितीस. लागट? मी तर हात राखून लिहिलं होतं.

माणूस थेट जनतेतून निवडून आलेला. गुलाल, डीजे, जेसीबीतून फुलं, सगळं झालं. पण गुलाल धुतल्यावर कळलं की अकरा सदस्यांत त्याचे दोनच. पाच विरोधातले आणि उरलेले चार वाळूवाल्याचे. वाळूवाला म्हणजे आमच्या भागातला तो शेठ, ज्याचे टिपर जालन्यापर्यंत धावतात आणि ज्याला रस्त्यात कुणी अडवत नाही. त्याचे चार जण सरपंचाच्या मागं उभे होते म्हणून पंचायत चालत होती. ते तिकडं सरकले की अविश्वास ठराव आलाच. मात्र थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचं तर सदस्यांनंतर ग्रामसभेलाही विचारावं लागतं. म्हणजे गाव खूश असेल तोवर धोका कमी. मग काय, सकाळी पारावर बसून गावाचा चहा आणि संध्याकाळी ढाब्यावर शेठचं जेवण. दोन्हीकडं ढेकर सारखीच.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण शेठला आमच्या नदीतली वाळू हवी झाली, आणि लिलावासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता.

आमचं घराणं मेंढरांचं. वडील शेतीत उतरले, मी कॉलेज करून पत्रकं छापण्यात उतरले, पण वडिलांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, अजून कळप राखून आहेत. उन्हाळ्यात नदी वरून कोरडी ठाक दिसते. वाळूत हातभर उकरलं की पाणी लागतं, त्याला आम्ही झिरा म्हणतो. तात्यांचा कळप उन्हाळाभर त्या झिऱ्यावर जगतो. वाळू गेली की झिरा गेला आणि झिरा गेला की कळप गेला. हे समजायला फार शिकावं लागत नाही. सरपंचालाही समजत होतं, म्हणूनच तो आमच्या नजरेला नजर देत नव्हता.

आम्ही दहा-पंधरा जण त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"सरपंच, तुम्ही कोणत्या बाजूनं?"

"ताई, हे काय विचारणं झालं? मी गावाच्या बाजूनं. बिलकुल."

"मंग तसं लिहून द्या."

"लिहून द्यायला मी काय परका हाय का?"

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. तो उठून अंगणात गेला आणि आवाज बारीक करायचा विसरला. "न्हाई शेठ, तुमच्या शब्दाबाहेर हाय का मी? बसलेत हितं, घालवून राह्यलो." परत आला तो हसतच, आणि म्हणाला, "चहा टाकायला सांगतो." आमच्यातल्या काहींनी तो चहा प्याला. मी नाही प्याले, आणि आमच्याकडं ते फार वाईट दिसलं.

पहिली ग्रामसभा त्यानं नेमकी बाजाराच्या दिवशी ठेवली. कोरम भरला नाही, सभा तहकूब. आता कायद्यातली गंमत अशी की तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. येतील तेवढ्यांत ठराव होतो. हे मी घरोघरी जाऊन सांगितलं. नदीकाठी विहिरी असलेले शेतकरी तयार झाले आणि आमची सगळी आळी तयार झाली. मोजून पाहिलं नव्हतं, पण आम्ही भारी पडणार हे शेठच्या माणसांच्या तोंडावर दिसत होतं.

सभेच्या दिवशी सकाळी बातमी आली की सरपंचाच्या छातीत कळ आली आणि त्याला जुन्या जालन्यात दवाखान्यात नेलंय.

आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडला की त्याला बघायला जावंच लागतं. भाऊबंद असो की वैरी, वैऱ्याकडं तर आधी. कोण आलं नाही ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. बातमीच्या पाठोपाठ आमच्या आळीच्या तोंडाशी दोन पिकअप येऊन उभ्या राहिल्या. शेठच्या.

"बसा, बसा, जल्दी," ड्रायव्हर ओरडत होता. "भाडं न्हाई, काई न्हाई. माणुसकी हाय ही."

तात्या धुतलेलं धोतर नेसून, केळ्यांची फणी घेऊन निघाले. मी आडवी आले.

"तात्या, आज सभा हाय."

"अगं, मानूस दवाखान्यात पडलंय."

"काई झालं न्हाई त्याला!"

"तू डॉक्टर हायस का?"

"आज ठराव झाला तर झिरा जाईल, तात्या."

"सरपंचच बिमार, मंग सभा कशी व्हईल? त्याला सलाईन लावून ठराव घेतील का कुणी? तू बी ना." आणि पिकअपमध्ये चढता चढता वरून, "पत्रकं वाचून डोकं फिरलंय पोरीचं." सगळी गाडी हसली.

नदीकाठचे शेतकरीही त्याच गाड्यांत बसले. विरोधी पाच सदस्य तर त्यांच्याही आधी, स्वतःच्या मोटारसायकलीवर गेले होते. आपण आल्याचं दिसावं म्हणून.

सभा झाली. शाळेच्या व्हरांड्यात शेठची माणसं, दोन म्हाताऱ्या आणि मी. खुर्चीवर उपसरपंच, तो शेठच्या चारांतला. हात वर करा म्हणाला, हात वर झाले. विरोधात मी आणि त्या दोन म्हाताऱ्या.

"ताईंचा विरोध लिहा हो, ठळक लिहा," तो ग्रामसेवकाला म्हणाला. "ताईंची पत्रकं फार कामाची. आमच्या घरी भज्यांचं तेल टिपायला तीच असतात."

दुपारी पिकअपा परत आल्या. तात्या सांगत होते, सरपंचानं एकेकाचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, म्हणाला माझा जीव गावात अडकलाय. मी ठराव झाल्याचं सांगितलं. तात्या उभे होते ते खाली बसले.

कळ खरी होती की खोटी, मला माहीत नाही. डॉक्टरांनी काही न निघाल्याचं सांगून लगेच घरी सोडलं, एवढं माहीत आहे. गावात आल्या आल्या तो पारावर कडाडला, "मी असतो तर होऊ दिला असता का हा ठराव?" लोकांनी मान डोलावली. बिचारा, म्हणाले. मराठीतल्या या एका शब्दावर कितीतरी नालायक माणसं पाच-पाच वर्षं काढतात. त्यानं ठरावाचा निषेध केला, निवेदन दिलं, फोटो काढला. ठराव मात्र रद्द करायला पुन्हा सभा बोलावली नाही. गाव खूश, शेठ खूश, खुर्ची शाबूत.

उन्हाळा लागला तेव्हा नदीत नुसते खड्डे होते. तात्यांनी कमरेइतकं उकरलं, खाली चिकट काळी माती लागली. पाणी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिऱ्हाड घोड्यावर लादलं आणि तीर्थपुरीच्या अंगानं गोदावरीकडं निघाले. आमच्यातलं कुणी मेंढरं घेऊन उन्हाळ्यात गाव सोडत नसे. मी रस्त्यापर्यंत सोबत गेले.

कळप रस्ता ओलांडत होता तेव्हा समोरून सरपंचाची गाडी आली. त्याच्या मागं वाळूचा टिपर. गाडी थांबली, काच खाली झाली.

"राम राम तात्या. मी तुमच्याच बाजूनं हाय बरं का. जरा दम धरायचा होता."

तात्या मेंढरं हाकत राहिले. मागून टिपरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला, लांबलचक. सरपंच खाली उतरला. मला वाटलं, आता तरी टिपरवाल्याला दोन शब्द सुनावील. तो कळपात शिरला आणि दोन्ही हातांनी मेंढरं रेटून रस्त्याखाली लोटू लागला. "हल, हल! चला, गाडी जाऊ द्या!" एवढ्या झपाट्यानं काम करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

"सरपंच," तात्या म्हणाले, "हळू. गाभण हायती."