घेऊ का, मामा?

आता कसं सांगू तुम्हाला, माझा वेंधळेपणा जमिनीवर मावेना म्हणून मी तो थेट आभाळात नेऊन केलाय!

माझा भाचा संदीप पायलट आहे. आमच्या कोपरगावकडे तो जमीन घ्यायच्या विचारात आहे, असं ताईनं फोनवर सांगितलं होतं. आणि माझं विहिरीपल्याडचं रान कधीचं विकायला पडलेलं! त्यामुळे "मामा, चला, विमानातून गाव दाखवतो" म्हणाला, तेव्हा मी लगेच त्याच्या दोन सीटच्या विमानात बसलो. म्हटलं, वरूनच माल दाखवू.

गावावर आलो आणि इंजिन एकदम गप्प. पुढचा पंखाही थांबला. मी काही घाबरलो नाही हं! जीप चालवायचो तेव्हा घाट उतरताना मीही गाडी बंद करून सोडायचो. पोरगं तेल वाचवतंय, अगदी मामावर गेलंय, असं वाटून मला बरं वाटलं.

"मामा, सपाट, मोकळं रान कुठंय? लवकर सांगा!"

बघा, गिऱ्हाईक किती उतावीळ!

"हे कालव्याकडचं घेऊ?"

ते आमच्या भावकीतलं. मी कशाला चांगलं बोलतोय? "छ्या! मधून इजेच्या तारा गेल्यात. लई ताप हाय."

"तारा? नको मग! ते पलीकडचं?"

"नुस्ते दगडं हायेत. माजं बघ, त्या हिरीपल्याड! कांदा काढून मोकळं क्येलंय. तारा न्हाईत, दगड न्हाईत, कोर्टकचेरी न्हाई."

"घेऊ का, मामा?"

"घे की! इचारतो काय?"

त्यानं घेतलं. अहो, खरंच घेतलं! विमान धाडकन आदळलं, उसळलं आणि बांधाच्या जरा अलीकडे थांबलं. संदीप खाली उतरला, गुडघे टेकले आणि मातीला कपाळ लावून रडायला लागला.

मला भरून आलं. "येवढी पसंत पडली व्हय? मंग किमतीचं बघू, तू घरचाच."

त्यानं डोळे पुसले. "मामा, इंजिन बंद पडलं होतं. आपण मरता मरता वाचलो."

मी तिथंच मटकन बसलो. रानात विमान उतरलेलं बघून बायको घरून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, पण माझे दातच उघडेनात.

संदीपनं आमचं वरचं सगळं बोलणं गावभर सांगितलं. जमीन अजून तशीच पडून आहे. गिऱ्हाइकं येतात, नाही असं नाही. पण स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर त्यांना कुणीतरी आधीच सावध करतं, "जपून बरं का! ह्यो मानूस विमान पडत आसताना बी सौदा सोडत न्हाई."