निघताना त्याला ‘ये’ म्हटलं

मी चौथीपर्यंत शिकले, पण भुताखेतांवर कधी विश्वास ठेवला नाही. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच खोलीत एकटी झोपत आले. इथे लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं...

मी सिंगापूरला मुलाकडे असते. नोव्हेना भागात, मोठ्या हॉस्पिटलांच्या शेजारी, कॉन्डोत बाराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकदमच आलं. दारात माझी रांगोळी, दारावर सुनेनं चिकटवलेला कागदी भोपळा. भोपळा दिसला की पोरं बेल वाजवून चॉकलेट मागतात. ऐन सणाला भुतं बनून दारोदार मागत फिरायचं... मी बोलून दाखवलं.

सून मेघना म्हणाली, "आई, तुम्ही फक्त वाटा. कॉमेंट्री नको."

संध्याकाळी घोळका आला. तोंडाला लाल रंग, खोटे दात. रांगोळी तुडवून गेले. मी खाली बसून ती नीट केली आणि उठले, तर समोर एकटाच मुलगा उभा. सहा-सात वर्षांचा, अनवाणी. अंगात आकाशी झगा, ऑपरेशनला घालतात तसला, मागे नाड्या. म्हटलं, हा पेशंट बनून आलाय.

चॉकलेटं संपली होती. फराळाच्या डब्यातला बेसनाचा लाडू दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला. हात फ्रीजमधून काढल्यासारखे गार. वळला तशी मी सवयीनं म्हणाले, "ये हं परत." आमच्यात निघणाऱ्याला ‘जा’ म्हणत नाहीत.

मग खाली लक्ष गेलं. तो रांगोळीच्या मधोमध उभा होता, आणि एक कण हललेला नव्हता. मी डोळ्यांना दोष दिला आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बेल वाजली. दारात कोणी नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

"बेल खराब झाली असेल, आई."

"मग सकाळी का नाही गं खराब होत?"

मेघना बेलचं बटण दाबून बघायला लागली.

तिसऱ्या संध्याकाळी बेल वाजली आणि मी उठेपर्यंत दार उघडलेलं. नात इरा, पाच वर्षांची, बूट घालून बाहेर पडत होती. एक हात पुढे, कुणी धरल्यासारखा.

"कुठे निघालीस?"

"विथ हिम. ही इज माय फ्रेंड, लाह!" इथली पोरं बोलतात तसं ती म्हणाली. "आजी, तूच बोलावलंस ना त्याला?"

मी तिला दंडाला धरून आत ओढलं. तिचा तो तळहात गार पडला होता... तसाच. समोर रिकामा कॉरिडॉर. त्या रिकाम्या जागेकडे बघून मी ओरडले, "जा! परत येऊ नकोस!"

उंबऱ्यावरून कुणाला असं म्हणायची ती पहिलीच वेळ.

इरा रडायला लागली. "आजी, यू मेड हिम क्राय."

सकाळीच काढलेल्या रांगोळीत दोन लहान पावलं उमटली होती. अनवाणी. बोटं लिफ्टकडे.

त्यानंतर बेल तशी वाजली नाही. तो कोण, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. नात घरात आहे, मी केलं ते बरोबरच केलं.

यंदा मेघना म्हणाली भोपळा नको. मी म्हटलं, लाव. आला तर लाडू देईन, पोर आहे शेवटी. फक्त तो निघताना काय म्हणायचं, ते अजून मला सुचलेलं नाही.