झोपलेल्या प्रेक्षकाला उठवू नये

त्या चित्रपटगृहात एकशे बारा खुर्च्या होत्या आणि त्यांपैकी सात झोपेच्या होत्या. तशी पाटी अर्थातच कुठे नव्हती. पण कोणत्या खुर्चीवर कोणाला डुलकी लागते, हे काजवाबाईंना तोंडपाठ होते. चौथ्या रांगेत भिंतीच्या कडेला पाववाला. तो पहाटेपासून भट्टीशी उभा असे, आणि दुपारच्या खेळाला येऊन बसला की पडद्यावरची नावे संपायच्या आत त्याची हनुवटी छातीला टेके. त्याच्या मागच्या रांगेत भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांची झोप अर्धीमुर्धी. एक डोळा पडद्यावरच्या नदीकडे, दुसरा मिटलेला. शेवटच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या बाई मांडीवर पिशवी घेऊन इतक्या नीटनेटक्या झोपत, की पिशवीसुद्धा झोपल्यासारखी वाटे.

काजवाबाई तिथल्या डोअरकीपर. तिकीट फाडायचे, उशिरा आलेल्याला अंधारातून त्याच्या खुर्चीपर्यंत न्यायचे, खेळ संपला की दारे उघडायची, एवढेच काम. पण ते त्यांनी एकतीस वर्षे केले होते. विजेरीच्या काचेवर त्या तीन बोटे ठेवत. बोटांतून गाळून आलेला तांबूस उजेड पायऱ्यांवरून तरंगत जाई आणि कोणाच्याही डोळ्यांवर पडत नसे. कोणा प्रेक्षकाने त्याला काजवा म्हटले, ते बाईंना चिकटले, आणि पुढे पगाराच्या पाकिटावरही तेच लिहून येऊ लागले.

तिथे लागणारे चित्रपट मोठ्या थिएटरांत लागत नसत. त्यांना घाई नसे. एखाद्या माणसाने दार उघडून आत जायचे, तर तेवढ्यात प्रेक्षकाच्या हातातला चहा निवावा. चित्रपटगृहाचे मालक मुळात चष्मे विकणारे. लोकांना स्पष्ट दिसावे म्हणून आयुष्यभर काचा घासणाऱ्या त्या माणसाने उतारवयात लोकांना अंधारात बसवण्याचा उद्योग काढला होता. बाई नोकरी मागायला गेल्या, तेव्हा त्यांनी शिक्षण विचारले नाही.

"एकच नियम आहे," ते म्हणाले होते. "झोपलेल्या प्रेक्षकाला उठवायचं नाही. खेळ संपला तरी."

"आणि पुढचा खेळ?"

"तो त्याच्या भोवतीनं सुरू करायचा."

"म्हणजे दुसरा सिनेमा फुकट?"

"असू दे की. पहिला कुठे बघितलाय त्यानं?"

बाई हसल्या; पण तो नियम त्यांना नव्याने शिकावा लागला नाही. त्यांचे वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला असत. दोन खोल्यांचे घर, पाच माणसे, आणि सकाळी आठ ते दुपारी तीन वडिलांची झोप. त्या घरातली मुले बोलायला शिकण्याआधी खुणा करायला शिकली. भांड्याचे झाकण आवाज न करता उचलायचे, खोकला उशीत दाबायचा, भांडण तर केवळ डोळ्यांनी करायचे. सात वर्षांच्या असताना बाईंनी एकदा हा शिरस्ता मोडला. शाळेत चित्राला पहिला क्रमांक मिळाला होता, आणि तीन वाजेपर्यंत धीर धरवेना. त्यांनी वडिलांचा खांदा हलवला. वडील दचकून उठले आणि क्षणभर त्यांच्याकडे असे पाहत राहिले, जसे रस्त्यात कोणी परके मूल समोर यावे. दुसऱ्याच क्षणी त्यांनी हसून चित्र हातात घेतले, पाठ थोपटली, सगळे यथास्थित झाले. पण ती मधली नजर बाईंच्या मनातून गेली नाही. झोपेतला माणूस कुठेतरी दूर गेलेला असतो. त्याला ओढून आणले तर तो पुरता येत नाही, थोडा तिकडेच राहतो, असे त्यांना वाटे. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काय होते?

मालक गेले. त्यांच्या कन्येने, सगळ्यांच्या ताईंनी, नऊ वर्षे गाडा ओढला. मग छप्पर गळू लागले, पडद्याला डाग पडले. नदीपलीकडचे छोटे चित्रपटगृह एका मोठ्या कंपनीने घेतले. स्टेशनजवळचेही तिनेच घेतले. गावोगावी तिची शेकडो पडद्यांची साखळी होती. एके दिवशी ताईंनी बाईंना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच बाई काय ते समजल्या. उभ्याने ऐकण्यासारखी बातमी असती, तर खुर्ची दिली नसती.

"मला नाही ग झेपत आता," ताई म्हणाल्या. "विकतेय त्या कंपनीला. पण तुझ्यासाठी शब्द टाकलाय मी. ते म्हणतात, दाराशी माणूस हवा की नको, ते बघून ठरवू. त्यांचा एक साहेब तीन दिवस येऊन बसणार आहे. खेळ संपल्यापासून पंधरा मिनिटांत हॉल रिकामा झाला पाहिजे. झाला तर तू राहशील. नाहीतर दाराला यंत्र बसेल."

"आणि कोणी झोपलेलं असलं तर?"

ताईंनी वडिलांच्या तसबिरीकडे पाहिले आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

घरी लेकीने कपाळावर हात मारला. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर लोकांना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगून तिच्या बोलण्याला धार आली होती.

"आई, सरळ उठवायचं. 'अहो, संपला सिनेमा', तीन शब्द! त्यात काय एवढं?"

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळायचं. माणसं पैसे देऊन झोपायला येतात आणि माझी आई त्यांच्यावर पहारा देते. शेजारीण विचारते, आई काय करते? मी काय सांगू, पाळणाघर चालवते?"

बाईंनाही हसू आले. पण बाकी कुठे जाणार होत्या त्या? अंधारात चालण्याखेरीज दुसरे कोणते कौशल्य त्यांच्यापाशी होते?

ही गोष्ट प्रेक्षकांच्या कानावर कशी गेली, ते कळले नाही. बहुधा प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरकाकांनी घातली असावी. ते एका कानाने बहिरे होते आणि त्याची भरपाई तोंडाने करीत. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला नेहमीची मंडळी आली ती सैनिकांसारखी. पाववाल्याने रुमालात बर्फाचा खडा बांधून आणला होता आणि तो मधूनमधून मानेला लावत होता. मास्तर देशोदेशींच्या राजधान्या पुटपुटत होते. शिवणकामवाल्या बाईंनी हाताशी टाचणी ठेवली होती. मधूनच त्यांच्या रांगेतून बारीकसे "आई ग" ऐकू येई. त्या दिवशी त्या चित्रपटगृहात कित्येक वर्षांनी सर्वांनी मिळून एक चित्रपट शेवटपर्यंत पाहिला, आणि बाहेर पडताना त्यांचे चेहरे असे झाले होते, की जणू जुन्या मित्राला पहिल्यांदाच दिवसाउजेडी पाहिले.

साहेबाने लिहिले: तेरा मिनिटे. दुसऱ्या दिवशी: बारा.

साहेब माणूस वाईट नव्हता. पन्नाशीचा, करड्या सुटातला, बुटांच्या टाचा एका बाजूने झिजलेला. महिनाभर तो गावोगाव अशीच छोटी चित्रपटगृहे मोजत हिंडत होता, हे अकरावे. तिसऱ्या दिवशी तो सहाव्या रांगेत मधोमध बसला, मांडीवर तक्ता ठेवला आणि पेनचे टोपण काढले. पडद्यावर एक म्हातारा टेकडीवर घर बांधत होता. दगड उचलायचा, फिरवून पाहायचा, ठेवायचा. लांबून वारा वाहत होता. म्हाताऱ्याने पहिला थर संपवला, दुसरा संपवला. तिसऱ्या थराच्या कोपऱ्यावर तो दगड जुळवत होता, तेव्हा बाईंना सहाव्या रांगेतून एक श्वास ऐकू आला. एकतीस वर्षांच्या सरावाने त्यांनी तो तत्क्षणी ओळखला. तो जागा श्वास नव्हता.

खेळ चार वाजून दहा मिनिटांनी संपला. बाईंनी भिंतीवरचे दिव्यांचे चाक नेहमीप्रमाणे मनात चाळीसपर्यंत आकडे मोजत, हळूहळू फिरवले. उजेड जमिनीतून झिरपल्यासारखा वर आला. बर्फाचे पाणी झालेला रुमाल पिळत पाववाला उठला, मास्तर उठले, आणि सगळे सहाव्या रांगेशी येऊन थबकले. साहेबाची मान एका खांद्यावर कलली होती. तोंड किंचित उघडे. पेन निसटून तक्त्यावर निळा ठिपका पसरत होता.

"अरे देवा," पाववाला कुजबुजला. "आम्ही तीन दिवस मरतोय आणि हा बघा!"

ऑपरेटरकाका खोलीतून धावत खाली आले. "उठव त्याला. पाचच मिनिटं झालीत. खांद्याला नुसता हात लाव, काम होईल."

"काका, हळू बोला."

"अग, तुझी नोकरी झोपलीये तिथं!"

बाई खुर्चीशी गेल्या. हात उचलला. साहेबाच्या पापण्यांखाली बुबुळे हलत होती. तो कुठेतरी दूर होता आणि तिथे त्याचे बरे चालले असावे, कारण दोन दिवस कपाळावर असलेली आठी आता नव्हती. हात खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. बाईंना ती जुनी नजर आठवली. त्यांनी हात पुढे नेला, तो फक्त पेन उचलून टोपण लावण्यासाठी.

"चला," त्या मंडळींना म्हणाल्या, "पाय न वाजवता."

पावणेपाचच्या खेळाचे प्रेक्षक आले. नेहमीचेच, त्यांना काही सांगावे लागले नाही. साहेबाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सोडून ते पाण्याने दगडाला वळसा घालावा तसे बसले. नवा चित्रपट सुरू झाला. एक स्त्री धुक्यातून होडी वल्हवत होती.

साहेब दारातून बाहेर आला, तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते. केस एका बाजूने उभे राहिले होते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तो टेकडीवरचा म्हातारा... त्याचं घर झालं का? आणि ही बाई त्याची कोण? तो मेला म्हणून ती समुद्रावर निघाली का?"

"साहेब, मधे एक सिनेमा संपला. हा दुसरा."

त्याने केसांवरून हात फिरवला. मग घड्याळ पाहिले.

"मी घोरत होतो का?"

"थोडंसं. पण सिनेमात वारा होता, त्यात खपून गेलं."

"मला उठवलं का नाहीत?"

"इथे उठवत नाहीत."

"हे तुमच्यावरच शेकणार, माहीत होतं ना?"

"होतं."

त्याने तक्ता भिंतीला टेकवला आणि निळ्या डागाशेजारी प्रामाणिकपणे लिहिले: एक तास छत्तीस मिनिटे. पुढे 'कारण' असा रकाना होता. तिथे पेन बराच वेळ टेकून राहिले; मग त्याने रकाना कोराच ठेवला आणि पेन खिशाला लावले. जाता जाता दाराशी वळून म्हणाला, "माझ्या मते ती त्याची मुलगीच होती." आणि गेला.

दोन महिन्यांत चित्रपटगृह ओळखू येईना. दर्शनी भागावर कंपनीचा झगझगीत फलक चढला. दाराला तिकीट वाचणारे यंत्र बसले. खेळ संपताच दिवे आपोआप, एकदम लागू लागले. माणसे डोळ्यांवर हात धरून उठत, कोणी चोरी पकडल्यासारखी. काकांनी निवृत्ती घेतली. लेकीने बाईंसाठी औषधांच्या दुकानात डबे लावण्याचे काम जवळपास ठरवून टाकले होते.

मग कंपनीचे पत्र आले. सोबत वेळापत्रक. आठवड्याचे सहा दिवस पाच खेळ, मध्ये पंधरा मिनिटे. बुधवारी मात्र चारच. दुपारचा खेळ संपणे आणि पुढचा सुरू होणे यांत एक तास छत्तीस मिनिटे. दिवे त्या दिवशी हाताने. आणि दाराशी एक डोअरकीपर, फक्त बुधवारसाठी.

नव्या व्यवस्थापकाला ही छपाईची चूक वाटली. तरतरीत तरुण होता. चूक दिसली की त्याला चैन पडत नसे. त्याने मुख्य कचेरीत फोन केला. "आहे तसं ठेवा," एवढेच उत्तर मिळाले.

"आठवड्यातून एक दिवस?" लेक म्हणाली. "आई, याला काय नोकरी म्हणतात?"

"बाकीचे पाच दिवस लावीन की तुझे डबे," बाई म्हणाल्या. "आणि एक दिवस सुट्टी."

पहिल्या बुधवारी पाववाला आला, मास्तर आले, शिवणकामवाल्या बाई आल्या. खुर्च्या नव्या, ताठ. त्यांना कोऱ्या कातड्याचा वास येत होता. आपापल्या जागा शोधून सगळे बसले, अस्वस्थ हलत राहिले. पडद्यावर दूरवर पसरलेल्या गवतातून एक माणूस चालत येत होता. अजून तो ठिपक्याएवढाच होता. बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. पाववाला जागा. मास्तर जागे. त्या ताठ खुर्च्यांवर कोणालाच झोप येईना. एवढ्यासाठी का सगळे केले? पाय दुखत होते. आदल्या दिवशी दुकानात शिडीवर चढउतार झाली होती. एकतीस वर्षांत खेळ चालू असताना त्या कधी बसल्या नव्हत्या. आज अगदी कडेच्या खुर्चीवर क्षणभर टेकल्या. गवत हलत होते. माणूस अजून येत होता. त्याची चाल बाईंना ओळखीची वाटली, रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाची. हातात त्याने गुंडाळी केलेला कागद धरला होता, की त्यांनाच तसे वाटले?

खेळ संपला तेव्हा नव्या व्यवस्थापकाने आत डोकावून पाहिले. दिवे लागलेले नव्हते. भिंतीपाशी चाचपडत पाववाला चाक फिरवत होता आणि ओठांत आकडे मोजत होता. बाकीची मंडळी चपला हातात घेऊन दाराकडे निघाली होती. कडेच्या खुर्चीवर बाईंची मान खांद्याला टेकली होती, आणि मांडीवरच्या विजेरीवर तीन बोटे होती.

"अहो, या तर डोअरकीपर ना?" व्यवस्थापक म्हणाला. "उठवू का?"

"खबरदार, हात लावाल तर," पाववाला म्हणाला. "एकवीस... बावीस... अजून दीड तास आहे."