ऑपरेटर मावशी आणि शिक्क्याची नोटीस

ऑपरेटर मावशींचा फोन इतक्या वेगाने बोलायचा की शेजारी बसलेल्याला फोडणीत मोहरी तडतडल्यासारखी वाटे. त्यांचं बोट काचेवरून फिरायचं, फोनमधली बाई भराभरा काहीतरी म्हणायची आणि मावशी मान हलवून म्हणायच्या, "हं, समजलं. पुढं." मला त्यातलं एक अक्षर कळत नसे. "जरा हळू करा ना," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "काऊन? तुमी पेपर वाचता तं अक्षर अक्षर लावत बसता काय?"

त्यांची बरीचशी नोकरी अकोल्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. शेवटी बदली अमरावतीला झाली, इथलं पाणी मानवलं आणि आमच्या अपार्टमेंटमध्ये त्यांनी दुसऱ्या मजल्यावर स्वतःचं घर घेतलं. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर काचबिंदूने आधी कडेचं दिसणं नेलं, मग समोरचंही. पण हाताला घर पाठ होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या बाईला त्या 'माझी ज्युनिअर' म्हणत. "पोरगी कामाची हाय," असं तिचं कौतुक करून पुढे जोडत, "पण समोर असन तेवढंच वाचते. स्वतःची अक्कल नाई."

आणि आमच्या अपार्टमेंटचा ग्रुप त्या ज्युनिअरसमोर काहीच ठेवत नव्हता. आमचे अध्यक्ष हेडसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मावशींच्या समोरच्याच घरात राहणारे. शिक्का नसेल तर ती नोटीसच नव्हे, असं त्यांचं मत. त्यामुळे पद्धत अशी होती: खजिनदार म्हणून मी मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करायचा, छापायचा, हेडसर त्यावर सही करणार, मजकुरावरच गोल शिक्का हाणणार, मग कागद सोफ्यावर ठेवून तिरका फोटो काढणार आणि तो ग्रुपवर टाकणार. फोटोतलं लिखाण ज्युनिअरला वाचता येत नसे; ती तो उघडून एकच शब्द म्हणायची: "फोटो." मावशी मग जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, "काय हो, हेडसरांनं आज कशाचा फोटो काढला?"

त्यांची स्वतःची तऱ्हा याच्या उलट. टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्या बोलून पाठवायच्या, चांगलं लांबलचक. हेडसरांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. ते जिन्यात फोन नाचवत म्हणायचे, "बाई, तुमच्या निरोपात मला नुसत्या उभ्या रेघा दिसतात!" त्यावर मावशी, "मंग तुमच्या नोटीशीत मले रेघाबी दिसत नाईत, सर!" हे भांडण आम्हाला करमणुकीचं वाटे. टाकी धुवायच्या दिवशी ती करमणूक संपली.

गच्चीवरच्या टाकीत औषध टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत नळाचं पाणी वापरू नका, अशी नोटीस निघाली. नेहमीप्रमाणे सही, शिक्का, फोटो. मावशींनी नळाच्या पाण्यात तांदूळ धुतले, भांडं भरलं आणि गॅसवर ठेवता ठेवता त्यांना वास आला. त्या वेळी अकोल्याहून त्यांचा भाचा विनोद फोनवर होता. मावशी सहज बोलून गेल्या, "आज पाण्याले दवाखान्यासारखा वास येऊन राह्यला." विनोदने मला फोन लावला. मी धावत वर गेलो. त्यांनी भांडं ओतून टाकलं होतं, पाणी पोटात गेलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी विनोद गाडी घेऊन हजर झाला.

"आत्या, बॅगा काढ."

"काऊन? मेली काय मी?"

"मेल्यावर येऊ काय मंग?"

विनोद वाईट माणूस नव्हता. त्याच्या अकोल्याच्या घरात मावशींसाठी खोली तयार होती. पण मावशी पलंगाची कड धरून बसल्या आणि म्हणाल्या, "तुह्या घरी मी पाहुणी राहीन बाबू. इथं मी मालकीण हाय." शेवटी महिनाभराची मुदत ठरली. तेवढ्यात पुन्हा अशी भानगड झाली तर मावशी मुकाट्याने गाडीत बसणार.

मी जवळच्या नांदगाव पेठ इथल्या एका कापड गिरणीत हिशेब पाहतो. एखादी गोष्ट जुळत नसेल तर मला चैन पडत नाही. ग्रुपवरच्या वर्षभराच्या नोटिसा काढून पाहिल्या. जिन्याच्या दिव्यापासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत सगळ्या फोटोत. मावशींपर्यंत आपण होऊन पोचलेली एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिघे बसलो. हेडसर म्हणाले, "शिक्क्याशिवाय लोक मानणार नाहीत." मी काही बोलायच्या आधीच मावशी ओरडल्या, "शिक्का काय मले चाटायचा हाय? आधी अक्षरं पाठवा, मंग खाली शिक्क्याचं लगन लावा!" हे मात्र हेडसरांना स्वच्छ ऐकू गेलं. हसले, आणि कबूल झाले. बदल्यात मावशींनी बोलून पाठवायचं सोडायचं. फोनला सांगून त्याच्याकडून अक्षरं करून घ्यायची.

मला वाटलं, झालं काम. पण माझ्या पहिल्या नोटिशीवर मावशींनी बोलावून घेतलं. मी वर शोभेला चांदण्यांची ओळ दिली होती आणि खाली नमस्काराचे हात. ज्युनिअर प्रत्येक चांदणीला "तारा" म्हणत होती, प्रत्येक हाताला "जोडलेले हात". "खजिनदार, पाणी कवा येते हे समजेलोक माही भाजी करपली!" चांदण्या गेल्या. मग पाण्याचं वेळापत्रक रंगांत केलं: हिरव्या दिवशी सरकारी नळाचं पाणी, लाल दिवशी बोअरचं. मावशींनी शांतपणे विचारलं, "हिरवा वार कोणता? सोमवारच्या आधी येते का मंगळवारच्या नंतर?" मग वारांची नावं लिहिली. गंमत म्हणजे तळमजल्यावरचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, "बरं केलं. मला लाल-हिरवं सारखंच दिसतं, कोणाला सांगितलं नव्हतं." तेव्हापासून मी नोटीस पाठवण्यापूर्वी डोळे मिटून माझ्याही फोनमधल्या तशाच बाईकडून ती ऐकू लागलो. काय, कधी, कुठे हे आधी, बाकीचं नंतर.

मुदतीच्या शेवटच्या रविवारी काय ते ठरवायला विनोद येणार होता. मावशींनी साडी नेसून सगळं आवरलं होतं, पण बॅग बाहेर काढली नव्हती. आणि नेमकं त्याच सकाळी नळाच्या लाईनसाठी मजुरांनी आमच्या गेटसमोर चर खणला. ना फळी, ना दोरी. मी उभ्या उभ्याच ग्रुपवर लिहिलं: "मुख्य गेटसमोर खोल चर आहे. आज मागच्या दारानेच ये-जा करा." हेडसरांनी खाली लगेच अंगठा दाखवला. मावशींच्या दाराशी जायला मी जिना चढू लागलो आणि मध्येच थांबलो. सांगायला गेलो तर महिनाभर केलं ते कशासाठी? तरी कान वरच्या दाराकडेच होता. रविवारी त्या देवळात जायला गेटमधूनच निघत.

त्या पुढच्या बाजूने आल्याच तर अडवता यावं, म्हणून मी जिन्यातच उभा राहिलो. वर दार उघडलं. काठीचा आवाज आला. काठी वळली ती मागच्या दाराशी उतरणाऱ्या जिन्याकडे. त्यांचा आवाजही आला, फोनवर बोलत होत्या: "विनोद, कुठसा आला? बडनेरा? आयक, पुढून गाडी घालू नको. गेटपाशी चर खंदला हाय. मागून ये."

विनोद मागून आला. आधी एकटाच पुढे जाऊन चराच्या काठाशी उभा राहून आला. मग वर येऊन विचारलं, "आत्या, तुले कोणं सांगतलं?"

"कोणं म्हणजे? नोटीस निघाली ना."

त्याने मावशींना त्यांच्या फोनवर ती नोटीस लावायला सांगितली. कळली नाही, म्हणून हळू करून पुन्हा लावायला सांगितली. मग तो जेवायला बसला. भाकरी, वांग्याची भाजी, वर ताक. बॅगेचं नाव कोणी काढलं नाही. दुपारी त्याची गाडी रिकामी परत गेली. मी घरी येऊन बायकोला सकाळपासूनचा पहिला चहा मागितला.

मावशी त्यानंतर काही वर्षं त्याच घरात राहिल्या आणि गेल्या हिवाळ्यात, थोड्याशा आजारपणानंतर, त्याच पलंगावर गेल्या. उशाशी विनोद होता, दारात हेडसर. दुःख झालंच, पण कोणी त्यांना उचलून नेलं नाही, मालकीण म्हणूनच गेल्या, याचं समाधान मोठं होतं.

परवा विनोदचा अकोल्याहून फोन आला. आता तो त्याच्या कॉलनीचा सचिव आहे. नव्या बागेचा नकाशा ग्रुपवर टाकायचा होता, तर खाली शब्दांत काय लिहावं, हे विचारत होता. मी म्हटलं, "दार कुठे, पायऱ्या किती, बाकं कोणत्या बाजूला, हे लिही. पण तुमच्या ग्रुपमध्ये ज्याला दिसत नाही असं कोणी आहे का?"

"सध्या तं कोणी नाई," विनोद म्हणाला. "पण माहे डोळे काई लोखंडाचे नाईत, भाऊ."