कॉफीच्या आधीची गोळी

माझी नणंद राइली एका जागी बसेल तर शपथ! गुडघा सुजलेला, वजन भलतंच वाढलेलं, तरी दिवसभर स्वयंपाकघरात येरझारा. फडताळ उघड, पाव काप, लोणी लाव, पुन्हा फडताळ.

"वन्सं, आत्ताच जेवलात ना?"

"पोट जेवलं गं, भूक नाही जेवली," त्या करवादायच्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरवा, रक्त वाढवा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन. गुडघा नाही तर दलदलीत जाणं नाही, आणि वन्संचा सगळा जीव त्या दलदलीत. आमच्या उत्तरेकडच्या काइनू प्रांतात हिल्लाची पिवळी फळं कुठे पिकतात ते कुणी पोटच्या पोरालाही सांगत नाही. मी लग्न झाल्यापासून विचारतेय. दर उन्हाळ्यात वन्सं बादली भरून आणायच्या आणि तोंडाला कुलूप.

हिवाळाभर लोहाच्या गोळ्या घेतल्या, रक्त जागचं हलेना. शेवटी दवाखान्यातली नर्स साना म्हणाली, "राइलीबाई, गोळी घेता कशाबरोबर?"

"कॉफीबरोबर. आणखी कशाबरोबर घेणार?"

सानाने कपाळावर हात मारला. "अहो, कॉफी ते लोह अंगी लागूच देत नाही!" मग तिने नीट समजावलं. लोह कमी पडलं की माणूस दमतो, हलेनासा होतो. भूक लागल्याचा, पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या संप्रेरकांचाही ताल त्याने बिघडतो, असं काही संशोधकांना वाटतं, पण अजून पुरतं ठरलेलं नाही. आणि वजन वाढलं की लोह आणखीच कमी शोषलं जातं. म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

तेव्हापासून सकाळी गोळी आंबट लिंगोन फळांच्या रसाबरोबर, आणि कॉफी तासाभराने. बाई गं, तो तास! वन्सं घड्याळाकडे बघत मला, माझ्या नवऱ्याला, मांजरालासुद्धा शिव्या घालायच्या. पण वसंतात रक्त चढायला लागलं. फडताळाचं दार जरा कमी वाजू लागलं. वजन मात्र रडतखडत उतरत होतं, आणि ऑपरेशन गेलं हिवाळ्यावर.

हिल्ला काही हिवाळ्यापर्यंत थांबत नाही. जुलैत एका सकाळी वन्संनी गोळी गिळली आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ." डांबरी रस्ता संपला तिथे थांबवलं. माझ्याकडे न बघता बोलल्या, "मोठ्या खडकापासून डावीकडे, वाकड्या पाइनच्या मागे. फळं सडता कामा नयेत." मला फार वाईट वाटलं.

मी गेले. जागा सापडली. सगळी दलदल पिवळीधमक!

परतले तेव्हा वन्सं कॉफीचा थर्मास मांडीवर धरून बसल्या होत्या, तास भरायचा होता. मी रिकामी बादली पुढे केली.

"नाही सापडली, वन्सं. पुढच्या वर्षी तुम्हीच दाखवा."

त्या माझ्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे बघत राहिल्या. मग माझ्या तोंडाकडे.

"ओठ पूस आधी, खोटारडे," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले स्वतःचे.