वाट पाही, पाट वाही

मावळतीला निघालेल्या सूर्याला ‘ए, थांब जरा, परत ये’ म्हणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा होस्टेलचा पार्टनर होता. खोलीतल्या सोबत्याला आमच्याकडं पार्टनरच म्हणतात. त्यात धंद्याची भागीदारी वगैरे काही नसते, साबण, खोबरेल आणि अडीनडीला पँट एवढंच सामाईक असतं. हा गडी बिडकीनकडचा. घरी मेंढरं आणि डोक्यात सिनेमा. कॅमेरा त्यानं फक्त लोकांच्या लग्नात, तोही लांबून, पाहिलेला. पण दोन्ही हातांची बोटं जुळवून केलेली चौकट डोळ्याला लावल्याशिवाय त्याला जग म्हणून दिसायचंच नाही. मेसमधलं वरणसुद्धा आधी चौकटीतून बघायचा आणि “क्लोजअपमधी डाळ दिसंना गेली. परत घ्या,” म्हणून वाटी माघारी धाडायचा. ‘परत घ्या’ हा त्याचा जपच होता. मेसचा आचारी त्याच्यावर डूख धरून होता, आणि मला विचाराल तर त्याचं काही चुकत नव्हतं.

सिनेमा डोक्यात शिरला तरी मेंढरं काही अंगातून गेली नव्हती. गुलमंडीच्या गर्दीतून आम्ही चाललो की हा सगळ्यांच्या मागं. रस्ता ओलांडला की आमची मुंडकी मोजायचा. कुणी पानाच्या टपरीवर रेंगाळला, तर जीभ टाळ्याला लावून “हेऽऽ ट्र्र्र!” अशी हाळी द्यायचा. भर बाजारात चारचौघांत मेंढरू व्हायची कुणाला हौस असते? पण खरं सांगतो, त्या हाळीवर पाय आपसूक वळायचे.

दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे निघत होते, त्या नावापायी खेड्यांतून माणसांची घरंदारं जळाली होती. आमच्या शेजारच्या खोलीतला गवई त्यातलाच. सगळं होस्टेल त्याला गवईच म्हणायचं, कारण तो गायला लागला की मेसमधली भांडी घासणारीही हात थांबवायची. गाव सोडून त्याचं घर शहरातल्या वस्तीत आलं होतं. तो मोर्चात पुढं, आणि पार्टनर त्याच्या बाजूनं, चौकट डोळ्याला लावून उलटा चालत. एकदा तर ह्या शहाण्यानं अख्खा मोर्चा अडवला. “घोषणा लई झ्याक झाली, पण ऊन तोंडावर नव्हतं. त्या झाडापस्तोर मागं जा आन् परत या!” पुढारी थक्क, बंदोबस्तावरचा फौजदार थक्क. आणि गंमत म्हणजे मोर्चा खरंच चार पावलं मागं गेला. फौजदार तोंडावर रुमाल धरून हसत होता. गवईसुद्धा हसला, पण तेवढाच. लाठ्या, कोठडी, बुडालेलं वर्ष, ह्या सगळ्यात त्याचं हसू आटत चाललं होतं.

मग एक दिवस गवईनं सांगितलं की कॉलेज सुटलं. चितेगावच्या एका नव्या कारखान्यात त्याला काम लागलं होतं, सोमवारपासून पाळी. तेव्हा शहराच्या चहूबाजूंनी कारखाने उठत होते आणि काम लागलं की पेढे वाटायची पद्धत होती. आम्ही पेढे खाल्ले. पार्टनरनं पेढा हातातच धरला. “त्या मशिनींच्या दणदणाटात वरडून वरडून ह्याचा गळा फुटायचा,” तो मला म्हणाला. “त्याच्या आधी ह्याचं गाणं टेपवर धरून ठिवायचं. रविवारी. नायतर कधीच नाय.”

गाणं पार्टनरनंच लिहिलेलं. नाव ‘वाट पाही’. कोण कुणाची वाट पाही हे शेवटपर्यंत कळत नव्हतं, पण भलतंच रडकं होतं. गुलमंडीवरच्या फोटो स्टुडिओतल्या भाईंना त्यानं कसं पटवलं देव जाणे, पण रविवारी दुपारी ते लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा खांद्यावर घेऊन पैठण रस्त्याच्या माळावर हजर झाले. संध्याकाळी त्यांचं कुठंसं रिसेप्शन होतं, म्हणजे ऊन आहे तोवरच काय ते. माळावर पार्टनरचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मेंढरं चारत होते.

गवई बाभळीखाली उभा राहिला. भाईंनी कॅमेरा चालू केला. आता डायरेक्टरनं ‘ॲक्शन’ म्हणायचं. पार्टनरनं छाती भरून घेतली आणि त्याच्या तोंडून काय निघावं?

“हेऽऽ ट्र्र्र!”

माळावरचं झाडून सगळं मेंढरू माना वर करून धावत आलं. गवई कमरेइतक्या लोकरीत बुडाला.

“अरे मियाँ, ये बकरे फ्रेम में कायकू आ रए?” भाई ओरडले.

“बकरे नाय, मेंढरं हैत ती!” पार्टनरला अपमानच वाटला. “परत घ्या!”

परत घेतलं, परत तेच. ‘ॲक्शन’ हा शब्द त्याच्या जिभेवर यायचा आणि ओठावर येईतो हाळी व्हायचा. होता होता गवईलाही सवय लागली. हाळी ऐकली की मेंढरं धावायची आणि हा गायला लागायचा. गायचा सुरेख, पण चेहरा लाकडासारखा. ऊन उतरत चाललं होतं. पार्टनर रडकुंडीला आला. “आरं, गळा टेपवर येतुया, तू कुटं येतुयास? तू पायजेस ना मला त्याच्यात!”

तेवढ्यात त्याला टायटल आठवलं. अक्षरं दाखवायचं मशीन भाईंकडं नव्हतं. पण आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून खुणेला लावायचा लाल रंग आबांजवळ होता. पार्टनरनं चार पांढऱ्या मेंढ्या धरल्या आणि एकेकीच्या कुशीवर एकेक अक्षर काढलं: वा, ट, पा, ही. बांधावरून त्या उजवीकडून डावीकडं एकीमागं एक जातील आणि नाव सरळ वाचता येईल, असा बेत.

आबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. “ती ‘पा’ म्होरकी हाय. दुसरीच्या मागं चालायची नाय ती.”

“आबा, हे शूटिंग हाय.”

“व्हय, पर तिला कुटं ठावं?”

हाळी झाली. मेंढ्या बांधावर चढल्या. दोन पावलांत म्होरकीनं ‘ट’ला ढुशी दिली, ‘वा’ला बांधाखाली ढकललं आणि ऐटीत पुढं झाली. बिचारी ‘वा’ धडपडत वर आली ती ‘ट’च्या मागं, मोकळ्या जागेत घुसली. भाईंनी कॅमेऱ्यातून मोठ्यानं वाचलं, “पा... ट... वा... ही.”

आबांना अक्षरओळख नव्हती, पण ऐकून त्यांचा चेहरा खुलला. पलीकडं धरणाचा कालवा, आमचा पाट, खरंच दुथडी वाहत होता. “पाट वाही! झ्याक हाय की. त्ये वाट बघणं कशाला मेलं?”

आणि गवई हसायला लागला. आधी खुदकन, मग पोट धरून, मग मातीत बसून. “लेका,” तो म्हणाला, “आमचं नामांतर इतकी वर्षं अडलंय, आन् तुझ्या मेंढरांनी बांध वलांडायच्या आत करून दावलं!”

त्याचं ते हसू संपायच्या आत पार्टनरनं हाळी दिली. गवई उठला आणि मेंढरांत उभा राहून गायला, ‘पाट वाही, पाट वाही’, तीच चाल पण नाचरी, शब्द तिथल्या तिथं बदलत, डोळ्यांत हसून हसून आलेलं पाणी. भाई मान डोलवत राहिले. बॅटरी संपली तेव्हाच थांबले.

पुढं काही वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं, तेव्हा गवई पाळी सोडून कारखान्याच्या कपड्यांतच कमानीपाशी आला होता आणि पार्टनर गर्दीत आमची मुंडकी मोजत होता. पार्टनर लग्नांचं शूटिंग करतो आता. ऊन बरं नसलं तर नवरदेवाला घोड्यावरून उतरवून परत चढवतो. आबा गेले, भाई गेले, त्या माळावर कारखान्यांच्या भिंती आल्या.

अलीकडंच गवई कारखान्यातून रिटायर झाला. निरोपाच्या कार्यक्रमात पार्टनरनं ती कॅसेट मोबाइलवर उतरवून आणली होती. सगळ्यांनी पाहिली. गवई मान खाली घालून ऐकत होता. आयुष्यभर मशिनींवर ओरडून त्याचा आवाज पार बसलाय. “गळा होता रे मला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मला त्याच्याकडं बघवेना.

बसल्या जागेवरून पार्टनरनं तोंड वर केलं आणि भरल्या हॉलमध्ये हाळी दिली, “हेऽऽ ट्र्र्र!”

गवई दचकला, आणि जुन्या सवयीनं गायलाच लागला. आवाज फाटका, वरचा सूर लागेना, मधेच खोकला. पण चेहरा अगदी त्या बांधावरचा. पार्टनरनं बोटं जुळवून चौकट केली, डोळ्याला लावली, गाणं संपेपर्यंत तशीच धरली. माझ्या माहितीत पहिल्यांदाच तो ‘परत घ्या’ म्हणाला नाही.