खेळातली म्हस

कॉम्प्युटरवरच्या खेळात मी माझं घर बांधत होते. छपरावर गवत, उन्हावर तयार होणारी वीज, पावसाचं पाणी साठवायला टाकी, सगळं पर्यावरणाला धरून. शेजारी सासूबाई शेंगा फोडत होत्या. अंगणात जनावर ठेवायची वेळ आली तशा त्या पुढं सरकल्या.

"म्हस कुठाय?"

"या खेळात म्हस नाही, आई. गाय आहे."

"म्हस न्हाय तर घर कसलं बांधतीयास? च्याला दूध काय शेजारणीकडनं आणायचं?"

परदेशातल्या खेळवाल्यांची बाजू मी कशाला घेऊ? मी गाय घेतली आणि तिला काळाकुट्ट रंग दिला. सासूबाईंनी चष्मा सारखा करून तिला खालवर न्याहाळलं.

"शिंगं आखूड हायत," त्या म्हणाल्या, "पर दूध दाट निघंल."